राजाबाईचा मनोरा आणि आपला डबा

आमच्या निर्मळच्या गटाची महिन्यातून एकदा वाचनाची बैठक असते. घरची कामं आटोपून दहाबारा जणी जमतो. आत्मचरित्रं वाचून झाली, कायद्याच्या पुस्तिका झाल्या. परवा एकीने सुचवलं, की 1992च्या शेअर घोटाळ्यावरचं 'द स्कॅम' घेऊ या. जिला इंग्रजी येतं तिने मराठीत सांगावं. लगेच एकजण म्हणाली, "ते कशाला? ते पुरुषांचं वाचन." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मैत्रिणींनो, मला भांडायचं आहे ते या वाक्याशी.

पहिली गोष्ट. एप्रिल 1992मध्ये तो घोटाळा वर्तमानपत्रातून उघड केला सुचेता दलाल या बाईने. देबाशिष बसूंबरोबर पुस्तक लिहिलं तेही तिनेच. बँकांचा पैसा बाजारात कसा फिरवला जातो हे बाई शोधून काढू शकते, आणि आपल्याला ते नुसतं वाचणंही झेपणार नाही? हे आपल्याला कोणी शिकवलं? ज्यांच्या हाती घरातली पासबुकं आहेत, त्यांनीच.

पण या पुस्तकांनाही मी सोडणार नाही. आर्थिक संकटांवरची लोकप्रिय पुस्तकं उघडून पाहा. गव्हर्नर, दलाल, अर्थमंत्री, सट्टेबाज: पानोपानी पुरुष. बाई येते ती कुणाची बायको म्हणून किंवा कुणाची आई म्हणून. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरची लाट उसळली. 1865मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकार आणि कंपन्या बुडाल्या. त्या सट्ट्याचा म्होरक्या होता प्रेमचंद रायचंद. त्याने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा मनोरा उभा राहिला, 1878मध्ये पुरा झाला, आणि त्याला त्याच्या आईचं, राजाबाईचं नाव मिळालं. त्या लाटेच्या इतिहासात बाईच्या वाट्याला काय आलं? दगडावरचं नाव. त्या वर्षी किती घरांतल्या बायकांचे दागिने सावकाराकडे गेले, याचा हिशेब कुणीही ठेवलेला नाही.

दागिन्यांवरून आठवलं. 1991मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली. मे महिन्यात 20 टन सोनं परदेशी गेलं, जुलैमध्ये आणखी सुमारे 47 टन गहाण पडलं. प्रत्येक पुस्तकात हा प्रसंग राष्ट्राची नामुष्की म्हणून रंगवलेला असतो. असेल. पण मुलाच्या फीसाठी, नवऱ्याच्या आजारपणासाठी, दिराच्या धंद्यासाठी घरातली बाई आपल्या बांगड्या गहाण टाकते, त्याला कुणी नामुष्की म्हणत नाही. त्याला म्हणतात संसार! देशाने सोनं सोडवलं. आपल्यातल्या कितीजणींच्या बांगड्या परत आल्या?

कुणी म्हणेल, संकट सगळ्यांवरच येतं, त्यात बाई-पुरुष कशाला? येतं खरं, पण सारखं येत नाही. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तांदळाच्या डब्यात पोट काढून ठेवलेले पैसे बायकांना घरच्यांसमोर मांडावे लागले. जे कुणापासून लपवले होते, त्याच्याच हाती बदलून आणायला द्यावे लागले. काळ्या पैशाच्या चर्चेत त्या डब्याला जागा नाही. कारण तो काळा नव्हता आणि पांढराही नव्हता, तो बाईचा होता.

सप्टेंबर 2019मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला हुकूम होता. मर्यादा मागाहून टप्प्याटप्प्याने वाढली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो खोट्या खात्यांआड लपवल्याचा आरोप आहे. आपल्या वसई-विरार पट्ट्यात इमारती बांधणाराच तो समूह. तेव्हा ठेवींना विमा होता एक लाखापर्यंत. फेब्रुवारी 2020पासून तो पाच लाख झाला. 2022मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवींचे पैसे दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने मिळण्याची योजना आली. आपल्यातल्या किती जणींना ही विम्याची मर्यादा ठाऊक होती? हे पुरुषांचं वाचन आहे का?

इथे जमिनीला भाव आला तेव्हा काय झालं, तेही आठवा. ख्रिस्ती कुटुंबात 1925च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. हिंदू मुलीला 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आला. आणि तरी भावाने पुढे केलेल्या हक्कसोड पत्रावर आपण सही करतो, न वाचता, माहेर तुटू नये म्हणून. कागद न वाचण्याची ही सवय आणि "ते पुरुषांचं वाचन" हे वाक्य, दोन्ही एकाच मुळाचे फाटे आहेत.

म्हणून वाचायचं. भारावून जाऊन नाही, उलटतपासणी घेत. प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारायचे: पैसा कोणाचा होता? सही कोणाची होती? भरपाई कोणाच्या कष्टातून झाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात बहुधा सापडणार नाही. ते आपल्याकडे आहे: पहाटेच्या गाडीने फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबई गाठलेल्या आपल्या आयांकडे, भिशीच्या वहीत. ते आपणच लिहून काढायला हवं.

पुढच्या बैठकीला 'द स्कॅम' घेतोय. येताना प्रत्येकीने एक गोष्ट आणायची: आपलं पासबुक. ज्यांच्या नावाने ते नसेल, त्यांनी तसंच यावं. सुरुवात तिथूनच करू.