गल्ली आमची, निधी कुणाचा?

आमच्या गल्लीतल्या काही बायकांनी रमजानच्या आधी एक अर्ज केला. मागणी साधी होती. रविवारी दुपारी चार ते सहा गल्लीची दोन्ही टोकं बंद करा, गाड्या आत सोडू नका, मुली खेळतील. सोबत खर्चाचा कागद होता: वाट अडवायला चार डबे, चटया, खडू, उड्यांच्या दोऱ्या, सावलीला ताडपत्री. एकूण नऊ हजार रुपये.

साहेबांनी विचारलं, "संस्था कोणती?" संस्था नव्हती. "मग पैसे कुणाच्या नावावर द्यायचे?" आणि मग, "रस्ता बंद करून नक्की करणार काय?" बुरख्यातल्या बायकांना हा प्रश्न ज्या सुरात विचारला गेला, तो सूर सगळ्यांना कळला. अर्ज तिथेच राहिला.

ही गोष्ट औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. याच शहराने केंद्र सरकारच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत बक्षीस मिळवलं आहे. २०२० साली ही स्पर्धा सुरू झाली. रस्त्याचा काही भाग थोड्या दिवसांसाठी चालणाऱ्यांना द्यायचा, रंग आणि कुंड्या लावून प्रयोग करायचा, जमला तर पक्का करायचा, ही तिची कल्पना. देशातल्या अकरा विजेत्या शहरांत पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि औरंगाबाद ही आपली चार शहरं होती. प्रत्येकाला ५० लाखांचं बक्षीस जाहीर झालं.

कल्पना उत्तमच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अर्ज महापालिकेचा, आराखडा महापालिकेचा, बक्षीसही महापालिकेला. वस्तीच्या वाट्याला येतो तो 'लोकसहभाग', म्हणजे उद्घाटनाच्या फोटोतली मागची रांग. एकच काम सल्लागाराने केलं तर प्रयोग ठरतं आणि मोहल्ल्याने केलं तर अतिक्रमण.

कंपन्यांच्या सीएसआर निधीकडे जावं, तर नोंदणीकृत संस्था हवी, तिच्या कामाची तीन वर्षं हवीत, आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी नोंदणी हवी, सीएसआर-१ क्रमांक हवा. कोट्यवधींच्या कामाला ही चाळणी ठीक आहे. नऊ हजारांच्या चटयांना ती लावली, की गरीब वस्ती आपोआप बाहेर पडते.

तात्पुरत्या कामाला मुळात मोठा पैसा लागत नाही. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही जणांनी पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकली, एका गाडीची जागा दोन तासांसाठी घेतली आणि तिथे हिरवळ, एक बाक आणि एक झाड मांडलं. वेळ संपल्यावर सगळं उचलून नेलं. त्यातून 'पार्किंग डे' जगभर गेला. तिथे नाणं टाकणाऱ्याला कुणी संस्थेचं नाव विचारलं नव्हतं.

यावर आमच्यातलेच काही म्हणतील, नळाला आठवड्याआठवड्याने पाणी येतं, गटारं तुंबलेली आहेत, आणि तुम्हाला खेळ सुचतो? पाण्याचा पैसा कुणी मागत नाही. रस्त्यांच्या प्रयोगांवर पैसा खर्च होतोच, तो कुणाच्या हाताने व्हावा एवढाच प्रश्न आहे. शिवाय चूक झाली तर खडू पुसता येतो. काँक्रीट पुसता येत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. जुलूससाठी रस्ता बंद होतो, लग्नाच्या मांडवासाठी होतो, नेत्याच्या इफ्तारसाठी होतो. तेव्हा पैसा जमतो आणि परवानगीही मिळते. मुलींच्या दोन तासांसाठी मात्र वर्गणी मागायला गेलं, की "पोरी रस्त्यावर खेळणार?" असं ऐकू येतं. साहेबांच्या प्रश्नात आणि या प्रश्नात मला फारसा फरक दिसत नाही. रस्त्यावर बसायचं असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, त्रास देणारी वस्तू वाटेतून दूर करा, अशी आपल्याला शिकवण आहे. आमच्या गल्लीत ती वस्तू म्हणजे भरधाव मोटारसायकल.

वक्फचा इतिहासही आठवावा. याच शहरातली पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. शहराबाहेरून मातीच्या नळांनी पाणी आणून तिथे चक्की फिरवली, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं. आज राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालय त्याच आवारात आहे. वक्फचं उत्पन्न वाकिफच्या हेतूबाहेर वापरता येत नाही आणि जकातीचे हकदार ठरलेले आहेत, हे मान्य. पण सदका आणि लिल्लाहचा पैसा आहेच. मशिदीच्या रंगरंगोटीतून थोडा वाचवून तो गल्लीत आणायला कुणी अडवलेलं नाही.

तरीही महापालिकेची जबाबदारी संपत नाही. कर आम्हीही भरतो. म्हणून मागणी नेमकी करतो. प्रत्येक वॉर्डाच्या अंदाजपत्रकात अशा प्रयोगांसाठी वेगळी रक्कम ठेवा. एका गल्लीला पंचवीस हजारांपर्यंत द्या. अर्ज एका पानाचा, मराठीत किंवा उर्दूत. संस्थेऐवजी गल्लीतल्या दहा रहिवाशांच्या सह्या, त्यातल्या निम्म्या बायकांच्या. पैसा आधी द्या, कारण खर्च करून पावत्या सादर करायला आमच्याकडे पैसे नसतात. हिशेब गल्लीच्या भिंतीवर चिकटवू. तीन महिन्यांनी गल्लीच ठरवेल, चालू ठेवायचं की थांबवायचं. आणि ही सोय फक्त मोहल्ल्यांना नको, भीमनगरलाही हवी, प्रत्येक झोपडपट्टीला हवी.

तो अर्ज आम्ही पुन्हा लिहितो आहोत. "रस्ता बंद करून काय करणार?" याचं उत्तर या वेळी पहिल्याच ओळीत असेल: आमच्या मुली खेळणार आहेत.