चार चालींत मात का होते?

पावसाळ्यात इकडे निंदण-डवरणी चालू असते आणि तिकडे शाळांच्या बुद्धिबळ स्पर्धा. पोरे हौसेने जातात, चार चालींत मात खाऊन येतात आणि पट माळ्यावर जातो. मुलगी असली तर वर ऐकावे लागते, "ते तुझं काम नाही." जठारपेठेत घरी येणाऱ्या मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकले, की आज बोंडअळीला सुट्टी.

काळ्या राजाकडील उंटासमोरचे प्यादे पाहा. राजाखेरीज त्याला राखणदार नाही. धुऱ्यावरचे पडके कुंपणच ते. पांढऱ्याचा उंट आणि वजीर दोघे त्यावर टपतात आणि वजीर आत घुसला की मात. उपाय सोपा आहे. वजिराकडील घोडा काढून मधले प्यादे आधी राखा. वजीर काठाच्या घरात आला, की राजाकडील घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवा. तो मागे फिरून पुन्हा टपला, तर दुसरा घोडा काढून त्याच्या वाटेत उभा करा. आता धावपळ त्याच्या वजिराची.

स्वतः पांढरे घेतलेत तर इटालियन डाव शिका. इटलीच्या ग्रेकोने १६२० च्या सुमारास तो वह्यांत लिहून ठेवला. आजही मोठे खेळाडू तो खेळतात. राजासमोरचे प्यादे दोन घरे. समोरचाही तेच करतो. तुमचा राजाकडील घोडा त्याच्या प्याद्यावर चालून जातो, तो घोडा काढून प्यादे राखतो. मग तुमचा उंट त्याच पडक्या कुंपणावर रोखायचा आणि लगेच किल्लेकोट. चाली पाठ करून भागत नाही. कोण कोणावर टपले, कोण कोणाला राखते, हे पोराने प्रत्येक चालीला तोंडाने सांगावे.

आजोबांच्या देशी खेळात प्यादे बहुधा एकेक घरच चाले, किल्लेकोट नसे आणि राजा एकदा घोड्याची उडी घेई. म्हणून आजोबांना हरवणारे पोर स्पर्धेत गोंधळते. त्यात आजोबांचा दोष नाही.

आणि मुलींचे काम नाही म्हणणाऱ्यांसाठी: नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची असताना, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली. अंतिम लढतीत समोर कोनेरू हंपी होती.

पट नसेल तर पुठ्ठ्यावर ६४ घरे आखा. प्याद्यांना तूर आणि हरभरा चालतो. उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर मात्र पांढरेच हवे.