गाढवाला वाचता येत होतं

ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चा विषय निघाला की आमचे विद्वान लगेच बोट दाखवून मोकळे. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. संपलं! परीक्षेचं उत्तर तयार. दोस्तांनो, एवढ्यावर ही १९४५ सालची कादंबरी मिटू नका.

राज्य एकट्या नेपोलियननं केलं काय? नाय. कुत्री होती, दहशत होती, कबूल. पण चोवीस तास कुत्री अंगावर सोडता येत नाहीत. उरलेला वेळ स्क्वीलर सांभाळतो. जिभेला हाड नसलेलं गुबगुबीत डुक्कर. दूध-सफरचंदं डुकरं हाणतात, का? तर म्हणे आवडत नाही तरी तुमच्यासाठीच खातो! आम्ही डोकं चालवलं नाही तर मालक जोन्स परत येईल. झालं, सगळे गप. पुढं रेशन कापलं तेव्हा आकडे वाचून दाखवले. पोट रिकामं, कागद भरलेला. ज्या स्नोबॉलनं लढाईत छर्रे खाल्ले, तो गद्दार ठरला. बॉक्सर घोडा म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिलंय. तर नेपोलियन म्हणतो म्हणून हे खरं! बॉक्सरनं मान खाली घातली.

आणि भिंतीवरचे नियम. पलंगाच्या नियमाला चादरीची शेपूट लागली, दारूच्या नियमाला 'अति'ची. एका रात्री धाडकन आवाज झाला. भिंतीखाली मोडलेली शिडी, शेजारी स्क्वीलर, ब्रश आणि सांडलेला रंग. चोर मुद्देमालासकट सापडला, तरी कुणाला काही उमगलं नाही. उमगलं एकट्या बेंजामिन गाढवाला. आणि ते बोललं नाही.

माझा राग या गाढवावर आहे. बॉक्सर 'डी' अक्षरापुढं गेला नाही. क्लोव्हर घोडीला अक्षरं जुळवता येत नव्हती. त्यांचा दोष काढणारा हरामखोर. पण बेंजामिन डुकरांइतकंच चांगलं वाचायचा. क्लोव्हरनं नियम वाचून दाखव म्हटलं तर हा असल्या भानगडीत पडत नाही म्हणे! शेवटी म्युरिएल शेळीनं वाचून दाखवलं. बेंजामिन ओरडला कधी? बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवर खाटकाचं नाव दिसलं तेव्हा. तेवढ्यात गाडी सुटली. त्यावरही स्क्वीलरची गोष्ट तयारच : गाडी डॉक्टरनं विकत घेतलीय, नाव पुसायचं राहिलंय. बॉक्सरच्या पैशावर डुकरांनी व्हिस्की ढोसली.

कुणी म्हणेल, बोलला असता तर कुत्र्यांनी फाडला असता. असेल. तोंड उघडणाऱ्या चार डुकरांचे गळे कुत्र्यांनी फोडलेच. पण पहिल्या खाडाखोडीच्या दिवशी चार जणांच्या कानात मूळ नियम सांगायला काय जात होतं? सगळ्या फार्मवर भिंत एकच, आणि ब्रश डुकराच्या पायात. मूळ नियमांची दुसरी प्रत कुणाकडंच नाय. म्हणून क्लोव्हरला आपल्याच आठवणीवर शंका आली. खोटं टिकलं ते त्यामुळं.

आणि हे पुस्तकसुद्धा ब्रशमधून सुटलं नाही बरं का! १९४४ साली स्टालिन इंग्लंडचा दोस्त होता. सरकारी माहिती खात्यातल्या माणसानं कान भरले नि जोनाथन केपनं पुस्तक परत केलं. फेबरच्या एलियटसाहेबांनीही नाकारलं; त्यांना डुकरांची राजवट चालत होती, फक्त डुकरं जनहितवादी हवी होती! पुढं वारं फिरलं. १९५४ च्या कार्टून सिनेमात सीआयएचा पैसा. पुस्तकाच्या शेवटी डुकरं आणि माणसं एका टेबलावर पत्ते कुटतात, कोण कुठला ओळखू येत नाही. सिनेमातून माणसं गायब! उरली फक्त डुकरं आणि त्यांच्यावर उठलेले प्राणी. म्हणजे भांडवलदार धुतल्या तांदळाचा. प्रचाराची चामडी सोलणारं पुस्तक, त्याचाच प्रचार केला साल्यांनी.

तेव्हा वाचता येणाऱ्यांनो, बेंजामिनचं शहाणपण मिरवू नका. भिंतीवर आज काय लिहिलंय ते उतरवून घ्या, तारीख टाका, चौघांना वाचून दाखवा. उद्या ब्रश फिरला की ती वही काढा.