गोळ्यांनी न जाणारा आजार

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. बीडकडची एक बाई तापाने फणफणत माझ्या दवाखान्यात आली. लघवीला जळजळ होत होती. फडावर संडास नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यातून हा आजार बळावतो. मी म्हणालो, "भरपूर पाणी प्या, चार दिवस विश्रांती घ्या." ती म्हणाली, "डाक्टर, नुसत्या गोळ्या द्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो."

नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी घेतलेली उचल तोडीच्या मजुरीतून फेडायची. खाडे कापले जातात, उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. उचल घेणे गुन्हा नाही. पण उचलीपायी काम सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारीच. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली. तसले कर्ज फेडण्याचे बंधनही रद्द केले. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

'मजूर मुकादमाचे' असे म्हणून कारखान्याने हात झटकू नयेत. उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती द्यावा आणि आजारपणाचा, बाळंतपणाचा खाडा कापू नये. शेतकरी बंधूंनीही आपल्या फडावर पिण्याचे पाणी व आडोसा करून द्यावा. शहरात सफाईचा ठेका देणाऱ्यांनीही ठेकेदाराला हेच प्रश्न विचारावेत.

तिला मी गोळ्या दिल्या. विश्रांती मात्र माझ्या चिठ्ठीवर मिळत नाही.