लंडन की न्यूयॉर्क?

पाली येथे महामार्गाला फाटा फुटतो. एक वाट गोव्याकडे जाते, दुसरी आंबा घाटाने कोल्हापूरकडे. तेथे उभा असलेला प्रवासी ‘कोणती वाट अधिक रुंद?’ असे विचारीत नाही. आपणांस कोठे जावयाचे, हे तो आधी ठरवितो.

परदेशचे शहर निवडतानाही हाच विवेक हवा. न्यूयॉर्क आणि लंडन यांपैकी एकच पाहावयाचे असेल, तर पुष्कळांचे मन न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींकडे धावेल. परंतु रत्नागिरीच्या मुलांनी लंडन निवडावे. याच जिल्ह्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९१३ साली ते शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले व १९१६ साली तेथून लंडनला. न्यूयॉर्कमधील अभ्यास त्यांनी तडीस नेला. लंडनमधील मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अपुरा राहिला. मायदेशी परतल्यावर मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे जमविले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळविली. तेथे ज्या घरात ते राहत, ते आज त्यांचे स्मारक आहे.

उंच इमारती पाहून डोळे दिपतात. ते साधे घर पाहून अपुरे काम पुरे करण्याचा निश्चय होतो. प्रवासातून घरी आणावयाचे ते हेच.