पुतळा सेनापतीचा, नावे शिपायांची

कोपरगावात गोदाकाठी राघोबादादांचा वाडा आहे. तेथून शिर्डी-राहुरीमार्गे दक्षिणेस जाणारा रस्ता अहिल्यानगरला पोहोचतो. तेथे रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र व रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्याच वाटेने पुढे पुण्याकडे निघाले की कोरेगाव भीमाचा स्तंभ लागतो. लष्करी इतिहासाने इतका भरलेला हा टापू. पण राज्यातील चौकांत पाहावे तर ब्राँझमध्ये दिसतो तो बहुधा सेनापती, पलटण नव्हे. खुद्द लष्करही यास अपवाद नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुपवाडा येथे मराठा पलटणीच्या तळावर बसविला गेला तो शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. त्यात वावगे काहीच नाही; पण शिपायाची आठवण अशाने राजाच्या सावलीतच राहते.

पलटणींसाठी ब्राँझ वापरल्याचे ठळक उदाहरण दिल्लीत आहे. लिओनार्ड जेनिंग्ज यांनी घडविलेल्या, १९२२ सालच्या तीन मूर्ती हैदराबाद, म्हैसूर व जोधपूर संस्थानांच्या भालाईत घोडदळांच्या आहेत. २०१८ मध्ये चौकाच्या नावास हैफा जोडले गेले. तरीही ‘तीन मूर्ती’ म्हटले की बहुतेकांना आठवतो तो पंडित नेहरूंचा बंगला!

याउलट कोरेगावचा साठ फुटी स्तंभ. त्यावर मूर्ती नाही, नावे आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून तो उभारला. त्यावरील ४९ मृतांच्या नावांपैकी २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. १९२७ साली डॉ. आंबेडकर तेथे गेले आणि परक्या सत्तेच्या दगडाचा अर्थच पालटला. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हातही हा स्तंभ काही काळ होता. त्या लढाईच्या अर्थावरून आजही वाद होतात, २०१८ मध्ये तर हिंसाचार झाला. पण नावे कोरलेली नसती, तर त्या शिपायांवर हक्क सांगणेच अवघड झाले असते.

पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव बसविलेल्या संगमरवरी पाट्या नेमक्या येथेच उण्या पडतात. या गावातून इतके गेले, इतके पडले, एवढेच त्या सांगतात. साताऱ्याच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, हा आकडा सर्वतोमुखी आहे. ते ४६ कोण, हे किती जण सांगू शकतील?

मालवणचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा आपण मान्य केलेला नमुना सहा फुटांचा होता, असे कला संचालनालयाने सांगितले. त्यानंतर चर्चा झाली ती उंचीची, धातूची आणि गंजलेल्या बोल्टांची. तालुक्याच्या गावात पलटणीचे स्मारक करावयाचे ठरले, तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीचा नमुना यांपासूनच आरंभ होतो. चौथऱ्यावर कोरावयाची नावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, रेजिमेंटच्या दप्तरांतून आणि जुन्या पेन्शनबुकांतून जमवावी लागतात. हे काम मूर्तिकाराचे नव्हे, आणि ते कोणाचे, हे स्मारक समित्या ठरवीत नाहीत.