आजींचे आधार कार्ड कशाला हवे?

जोधपुरात मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्या वाचकांची पत्रे गेले काही महिने येत आहेत आणि बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित केले. तेव्हापासून निधी देणाऱ्या संस्था आणि अभिलेखागारे निवेदकांपुढे, म्हणजे आठवणी सांगणाऱ्यांपुढे, ठेवायच्या कागदांत भर घालत सुटली आहेत. चार पानी संमतिपत्र, सोबत आधार कार्डाची प्रत, कुठे कुठे तर मुद्रांक कागदावर सही. हे सगळे नसेल तर आधीची ध्वनिमुद्रणेही ‘तूर्त बंद’ असा शेरा मारून कपाटात ठेवली जातात.

एका वाचकाने कळवलेला प्रसंग असा. ब्रह्मपुरीतले जुने निळे घर, पंच्याऐंशीच्या आसपासच्या आजी. लॅपल माइक लावून झाला, आवाजाची पातळी तपासून झाली आणि आजी तेवढ्यात पदमसर तलावावरून पाणी आणण्याच्या आठवणींत शिरल्यासुद्धा. सही आधी हवी, अशी प्रकल्पाची अट. म्हणून मुलाखतकाराने त्यांना मध्येच थांबवून कागद पुढे केले. आतून मुलगा आला, त्याने पाने चाळली, आधारची मागणी पाहिली आणि विचारले, “हे जमिनीचं काही आहे का?” आजींनी माइक काढून हातात दिला. त्या दिवशी पुढे एक शब्द मिळाला नाही.

मुलाचा संशय चुकीचा म्हणता येत नाही. म्हाताऱ्या माणसाकडून सही आणि आधार घेऊन काय काय होते, हे कोणत्याही शहरातल्या घराला ठाऊक आहे. चूक आहे ती कायदा न वाचता फॉर्म छापणाऱ्यांची.

२०२३ च्या मूळ अधिनियमाच्या कलम १७ मध्ये संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी यांसाठी स्पष्ट सवलत आहे. त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतली मानके पाळायची, एवढीच अट. त्या मानकांमध्ये गरजेपुरतीच माहिती घ्या, ती नीट सांभाळा, जबाबदारी कोणाची ते ठरवा, असे सांगितले आहे. आधारची प्रत घ्या, असे त्यात कुठेही नाही. उलट, गरज नसताना ती घेणे म्हणजेच मानक मोडणे. शिवाय बहुतेक तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात यायच्या आहेत. कलम १७ ची सवलत क्षणभर बाजूला ठेवली, तरी पूर्वी घेतलेल्या संमतीचे काय करायचे हे कलम ५ सांगते: संबंधितांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी आणि संमती मागे घेतली जाईपर्यंत काम चालू ठेवता येते. मग कुलपे आजच कशासाठी? २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा आकडा वाचून घाबरलेल्या कार्यालयांनी पुढची पाने उलटलेलीच नाहीत.

भाषेची गत याहून वाईट. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा कलम ६ देते. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, पण मारवाडी जिच्यात मोडते ती राजस्थानी नाही. राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये तिच्या समावेशाचा ठराव करूनही नाही. म्हणजे जन्मभर मारवाडी बोललेल्या बाईंना हा कागद मराठीत किंवा बोडोत मागता येईल, स्वतःच्या भाषेत मिळण्याचा हक्क मात्र नाही. पण मारवाडीत समजावून सांगायला कायद्याची मनाई कुठे आहे? तरीही कार्यालये हिंदीचा छापील मसुदा वाचून दाखवतात आणि संमती घेतली, अशी नोंद करून मोकळी होतात.

या मुलाखती थांबल्याने नेमके काय बुडते ते पाहावे. उमेद भवन राजवाड्याचे बांधकाम १९२९ मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झाले आणि १९४३ मध्ये पुरे झाले. तिथे दगड वाहिलेल्यांची पिढी गेली. १९६५ च्या युद्धात शहरावर पडलेले बॉम्ब आठवणारे लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आणि पाणी! १९५७ मध्ये पुरे झालेल्या जवाई धरणाचे पाणी येण्याआधी हे शहर तलाव, बावड्या, झालरे (पायऱ्यांच्या विहिरी) आणि साध्या विहिरींवर जगत होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव गांधी लिफ्ट कालव्याने हिमालयाचे पाणी थेट शहराच्या कायलाना तलावापर्यंत आणले. लोकांनी विहिरी उपसणे सोडले, नळांतून आणि गटारांतून पाणी झिरपत राहिले, आणि मरुभूमीतल्या या शहरात भूजल इतके वर चढले की जुन्या भागातल्या तळघरांतून ते पंपाने उपसावे लागते. २०११ च्या जनगणनेतच शहराने दहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. घरे त्यानंतरही वाढतच राहिली. कोणती बावडी बुजवून तिच्यावर दुकाने उभी राहिली, डोंगरावरचे पावसाचे पाणी कोणत्या गल्लीतून कोणत्या तलावात उतरत असे, कोणती विहीर कधीच आटत नव्हती, याचे बरेचसे ज्ञान नकाशांत नाही. ते त्या आजींच्या पिढीकडे आहे. अभियंत्यांना आज नेमके हेच हवे आहे, आणि त्यावरची तासन् तासांची ध्वनिमुद्रणे आधारची प्रत नाही म्हणून बंद पडून आहेत.

याच शहराजवळच्या बोरुंद्यात कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये रूपायन संस्थान उभे केले आणि लंगा-मांगणियार लोकगायकांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांचे ऐकून घेतले. महाराष्ट्रात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, ते १९८९ मध्ये. आजचे फॉर्म तेव्हा असते तर त्यांतल्या किती घरांनी दार उघडले असते?

पण सारा दोष कार्यालयांवर ढकलून चालणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हार्ड डिस्कमध्ये टाइमकोडसुद्धा न टाकलेल्या फाइली वर्षानुवर्षे पडून आहेत. प्रत देतो म्हणून सांगितले आणि निवेदकाच्या घरी पुन्हा पाऊल टाकले नाही, असेही काही जण आहेत. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचा साधा नियमही पाळला जात नाही. संमती घेतली होती का, असे कोणी विचारले की हेच लोक सर्वांत आधी गप्प बसतात.

तेव्हा या उन्हाळ्यात कामाला लागावे. संमती मारवाडीतच, तोंडी, मुलाखतीच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित करावी: कोण बोलत आहे, हे कुठे ठेवले जाईल, कोण ऐकेल, आणि कोणता भाग बंद ठेवायचा हे निवेदक कधीही सांगू शकतात. घरातल्या एका माणसाला शेजारी बसवावे. मुलाखत संपल्यावर संमतीबद्दल पुन्हा विचारावे, कारण काय बोलून गेलो हे तोवर त्यांना कळलेले असते. नाजूक मजकूर तेवढाच बंद ठेवावा. विहिरी-तलावांबद्दलचे बोलणे खुले असू द्यावे. जुन्या निवेदकांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे प्रत घेऊन जावे आणि तिथेच नवी संमती नोंदवावी. ज्या संस्था आधारचा हट्ट सोडत नाहीत त्यांना कलम १७ आणि दुसरी अनुसूची जोडून लेखी विचारावे की ही मागणी कोणत्या तरतुदीखाली आहे. आलेली उत्तरे या मासिकाकडे पाठवावीत. कार्यालयाच्या नावासह ती छापली जातील.